खाज आणि लाज

घरात कोणास ताप आला तर आपण त्याच्या कपाळावर हात ठेवतो; अंगावर पुरळ उठले तर मात्र तोच हात आखडता घेतो. त्वचेचा विकार म्हणजे अस्वच्छता, ही समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे. त्यात एचआयव्हीचे नाव आले की रोगी खाजेपेक्षा लाजेनेच अधिक खचतो.

या विषाणूची बाधा झालेल्यांपैकी अनेकांच्या हातापायांवर खाजऱ्या पुटकुळ्या उठतात. खाजवून त्या फुटतात व मागे काळे डाग उरतात. ‘पित्त उठले’, ‘रक्त बिघडले’ असे निदान घरीच करून आपण दुकानातून मलम आणतो. मूळ कारण निराळे असते. युगांडातील रुग्णांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा पुटकुळ्यांपैकी बहुतेकींत कीटकदंशाच्या खुणा आढळल्या. डास सर्वांनाच चावतो. परंतु बिघडलेली प्रतिकारशक्ती त्या क्षुल्लक दंशावर अवाजवी प्रतिक्रिया देते. रक्तातील सीडी-फोर पेशी दर घन मिलिमीटरला २०० पेक्षा कमी झाल्या म्हणजे हा त्रास विशेष दिसतो. निरोगी माणसात त्या साधारणपणे ५०० हून अधिक असतात.

या पुटकुळ्या स्पर्शाने पसरत नाहीत. खरूज मात्र पसरते. ती कोणासही होऊ शकते. म्हणून घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत व कपडे, अंथरुणे गरम पाण्याने धुवावीत. प्रत्येक खाजेमागे एचआयव्ही असतो असेही नव्हे. निर्णय रक्ततपासणीनेच होतो, तर्काने नव्हे.

खरा उपाय म्हणजे विषाणूरोधक गोळ्या. सरकारी केंद्रांतून त्या २००४ पासून विनामूल्य मिळतात. त्या नियमित घेतल्यास प्रतिकारशक्ती सावरते व काही महिन्यांत खाजही ओसरू लागते. आरंभी काहींचे पुरळ वाढते. तेवढ्याने धीर सोडून गोळ्या बंद करू नयेत. पुरळाबरोबर ताप आला, तोंडात फोड आले वा डोळे लाल झाले, तर मात्र तत्काळ डॉक्टरांना गाठावे. एरवी नखे कापावीत, सौम्य साबण वापरावा, कोरड्या त्वचेस खोबरेल तेल लावावे, मच्छरदाणीत निजावे. मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे.

बाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. शिक्षण, नोकरी, निवारा यांपैकी कशातही त्यांना वेगळे लेखता येत नाही. तथापि वर्गात पायांवर डाग असलेल्या मुलाशेजारी बसू नकोस, असे आपल्या पाल्याला सांगणारे पालक आजही भेटतात. एका बाकावर बसल्याने, एकत्र डबा खाल्ल्याने हा विषाणू लागत नाही. त्या मुलाच्या खाजेवर औषध आहे; आपण त्याला दिलेल्या लाजेवर मात्र कोणत्याही दवाखान्यात गोळी मिळत नाही. ती आपणच देऊ नये, हे उत्तम.