खासदाराने कोणते बटण दाबले?

निवडणूक जवळ आली की विद्यमान खासदारांचा कार्य-अहवाल घरोघर येऊन पडतो. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेले छायाचित्र, आत समाजमंदिरे, बसथांबे, हायमास्ट दिवे आणि उद्घाटनाच्या फिती. मी हे अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचतो. अलीकडे त्यांत संसदेतील हजेरीची टक्केवारी आणि विचारलेल्या प्रश्नांची संख्याही असते. पण पाच वर्षांत संसदेपुढे आलेल्या विधेयकांपैकी कोणत्या विधेयकाच्या बाजूने आपण मत दिले आणि कोणत्याच्या विरोधात, याची साधी यादी मला कोणत्याही पक्षाच्या अहवालात आजवर सापडलेली नाही.

समाजमंदिर नगरपालिकाही बांधू शकते. कायदा करण्यासाठी मात्र खासदारच लागतो. ज्या एकाच कामासाठी आपण त्याला दिल्लीला धाडतो, त्याच कामाचा हिशेब तो देत नाही आणि गंमत म्हणजे आपणही मागत नाही.

मागितला तरी तो मिळेल का? आपल्या संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. पीठासीन अधिकारी प्रस्ताव मांडतात, अनुकूल असणारे 'हो' म्हणतात, प्रतिकूल असणारे 'नाही' म्हणतात, आणि ज्यांचा आवाज मोठा वाटला त्यांची सरशी जाहीर होते. कोण काय ओरडले याची नोंद कुठेच राहत नाही. सगळी आळीमिळी गुपचिळी. नावनिशीवार नोंद व्हायची तर एखाद्या सदस्याने मतविभागणी मागावी लागते. मग घंटा वाजते, ती साडेतीन मिनिटे वाजत राहते, दरवाजे बंद होतात आणि सदस्य आपापल्या आसनापुढचे बटण दाबतात: हिरवे म्हणजे होय, तांबडे म्हणजे नाही, पिवळे म्हणजे तटस्थ. लोकसभेत ही यंत्रणा १९५७ पासून आहे. म्हणजे साधन नाही असे कुणी म्हणू शकत नाही. घटनादुरुस्तीच्या विधेयकाला विशेष बहुमत लागते, तिथे मोजणी टाळता येत नाही. बाकी ठिकाणी ती टाळली जाते.

ही केवळ पुस्तकी तक्रार आहे असे वाटत असेल, तर २० सप्टेंबर २०२० चा दिवस आठवा. शेतीविषयक विधेयके राज्यसभेत होती. विरोधी सदस्यांनी ती प्रवर समितीकडे पाठवण्याची मागणी केली आणि त्यावर मतविभागणी मागितली. उपसभापतींनी सांगितले की, मागणी करणाऱ्याने आपल्या आसनावर असले पाहिजे. विरोधकांचे म्हणणे, आम्ही आसनावरूनच मागितली. सभागृहात गदारोळ माजला, नियमपुस्तिकेची ओढाताण झाली आणि त्याच गदारोळात विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. आपल्या हिंगोलीचे राजीव सातव हे त्यांतले एक. गोंधळ घालणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. पण ज्या कायद्यांसाठी शेतकरी पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, त्यांच्या बाजूने राज्यसभेतील कोणत्या सदस्याने मत दिले आणि कोणत्या सदस्याने दिले नाही, याची यादी अस्तित्वातच नाही. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयक आले, तेही दोन्ही सभागृहांत त्याच दिवशी, चर्चेविना, आवाजी मतदानानेच संमत झाले. कायदा आला तेव्हा नाव नाही, गेला तेव्हाही नाही. मधल्या काळात भाषणे मात्र प्रत्येकाने केली.

नोंद झाली तरी ते मत खासदाराचे स्वतःचे असते का, हा पुढचा प्रश्न. २०२२ च्या फुटीनंतर 'व्हिप' हा शब्द महाराष्ट्रात चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. सुनील प्रभू खरे प्रतोद की भरत गोगावले, यावर घराघरांत वाद झाले. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, अशी तरतूद झाली. कारण खरेच होते. १९६७ नंतरच्या 'आयाराम-गयाराम' बाजाराला लोक विटले होते. पण औषधाची मात्रा चुकली. सरकार टिकण्या-पडण्याच्या मतापुरता आदेश ठेवण्याऐवजी तो कोणत्याही विधेयकावर लागू करण्याची मुभा पक्षांना मिळाली. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने किहोतो होलोहान खटल्यात हा कायदा वैध ठरवला. मात्र विश्वासदर्शक ठराव आणि पक्षाच्या धोरणाचा गाभा असलेले विषय एवढ्यापुरताच असा आदेश असावा, असेही सांगितले. पक्षांनी निकालाचा पहिला भाग पाठ केला, दुसरा सोयीस्करपणे विसरला.

आता यातला विरोधाभास पाहा. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, तिथे खासदार मोकळा असतो. पण ते मतदान गुप्त असते! जिथे त्याचे मत उघड होते तिथे तो बांधलेला, आणि जिथे तो मोकळा तिथे आपल्याला दिसत नाही. खासगी विधेयकांवर सहसा आदेश निघत नाही, पण त्यांच्या वाट्याला येते शुक्रवारची दुपार. आजवर अशी चौदा विधेयके कायदा झाली, त्यांतले शेवटचे १९७० साली.

आदेश मोडून मत देणारा विरळाच. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग खासदारकी न सोडल्यामुळे मत द्यायला आले, याचीच चर्चा पुढे वर्षानुवर्षे झाली. मला त्या दिवसाचे सैफुद्दीन सोझ अधिक महत्त्वाचे वाटतात. नॅशनल कॉन्फरन्सचा आदेश सरकारच्या बाजूने होता, ते विरोधात गेले आणि पक्षातून काढले गेले. त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर दोन मते असू शकतात. पण ते मत कुणाचे होते याबद्दल शंका राहिली नाही.

मतांचा दुसरा इतिहास मात्र काळा आहे. २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. त्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या व इतर काही खासदारांनी पैसे घेतल्याचा आरोप झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९८ साली तीन विरुद्ध दोन न्यायाधीशांनी असा अर्थ लावला की, सभागृहातील मताबद्दल खासदारावर खटला चालत नाही, म्हणून पैसे घेऊन मत दिल्याचा आरोप असलेल्यांना संरक्षण आहे. एका आरोपीने मत दिलेच नव्हते, म्हणून त्याला संरक्षण नाही! पैसे घेऊन काम केले तर सुटका, काम चुकवले तर खटला. सर्वसामान्य माणसाने कपाळावर हात मारावा असा हा निकाल पाव शतक कायद्याचे पुस्तक अडवून बसला. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने तो एकमताने पुसला.

बोलणे आणि मत यांची फारकत पाहायची तर फार लांब जायला नको. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ३११ विरुद्ध ८० असे मतदान झाले तेव्हा शिवसेनेने विधेयकाच्या बाजूने मत दिले. दोनच दिवसांनी, ११ डिसेंबरला राज्यसभेत मतदानाच्या वेळी शिवसेनेचे सदस्य सभात्याग करून बाहेर होते. आमच्या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, असे कारण दिले गेले. प्रश्न रास्त असतीलही. पण ते लोकसभेतही विचारता आले असते. विधेयक तेच, पक्ष तोच. फक्त राज्यातील नवे आघाडी सरकार दोन दिवसांनी अधिक जुने झाले होते. आणि हे एकट्या शिवसेनेचे दुखणे नव्हे. अडचणीच्या मताला पाठ दाखवून 'सभात्याग' या भारदस्त नावाखाली कँटीन गाठणे ही सर्वपक्षीय कला आहे.

अशा वेळी आपल्याच मातीतली दोन माणसे आठवतात. कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात असताना अर्थमंत्रिपद सोडून लोकसभेत उभे राहिले आणि आपली भूमिका मांडून मोकळे झाले. मधु लिमये पुण्याचे, निवडून आले बिहारमधून. आणीबाणीत लोकसभेची पाच वर्षांची मुदत वाढवली गेली, तेव्हा वाढीव मुदतीची खासदारकी त्यांनी १९७६ साली तुरुंगातूनच सोडली. मतदाराने पाच वर्षांसाठी निवडले होते, एवढे साधे गणित.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीन दिवसांनी युद्धाचे अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असा संमत झाला. ते एक मत ओकलंडच्या बार्बरा ली यांचे. पुढे मतदारांनी त्यांना पुन्हापुन्हा निवडून दिले. तिथल्या राजकारणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, पैशाचा खेळ तिथेही आहे. पण प्रतिनिधीचे मत तिथे पक्षाच्या तिजोरीत बंद नसते.

मला वाटते, प्रत्येक विधेयकाच्या अखेरच्या टप्प्यावर मतविभागणी सक्तीची करावी आणि पक्षादेश विश्वासमत व अर्थसंकल्पापुरता ठेवावा. वेळ जाईल हा आक्षेप साडेतीन मिनिटांच्या घंटेपुढे टिकत नाही. घोडेबाजार वाढेल हा आक्षेप गंभीर आहे. पण २०२२ मध्ये महाराष्ट्रात झुंडीने झालेली फूट हा कायदा रोखू शकला नाही, आणि १० जानेवारी २०२४ च्या विधानसभाध्यक्षांच्या निकालात दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. कायद्याच्या जाळ्यातून झुंड सुटते. अडकण्याची भीती राहते ती एकट्या माणसाला.

सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असे संमत झाले. विरोधातली दोन नावे साऱ्या देशाला कळली: असदुद्दीन ओवेसी आणि औरंगाबादचे इम्तियाज जलील. ओबीसी व मुस्लिम स्त्रियांना वेगळा वाटा नाही, हे त्यांनी कारण सांगितले. मला ते मत पटले नव्हते. २०२४ च्या निवडणुकीत जलील हरले, त्याची कारणे अनेक असतील. पण औरंगाबादचा मतदार त्या दिवशी केंद्रावर गेला तेव्हा निदान या एका विधेयकापुरते तरी आपल्या खासदाराने कोणते बटण दाबले हे त्याला ठाऊक होते. शेती कायद्यांबाबत राज्यसभेतील आपल्या सदस्यांना हाच प्रश्न विचारायचा, तर संसदेच्या दप्तरात त्याचे उत्तर नाही.