जुना संगणक, नवी जोड

आजोबांच्या लंबकाच्या घड्याळात बॅटरीचे यंत्र बसविले, तर ते घड्याळ आजोबांचे राहिले काय? विद्यार्थीमित्रहो, १९८० नंतरच्या दशकातील आठ-बिट घरगुती संगणकांविषयीही आज हाच वाद चालू आहे. हौशी मंडळी त्यांना नवनवी उपकरणे जोडतात. जुन्याचे अभिमानी नाक मुरडतात. आम्ही येथे अशा एकाच यंत्राचा विचार करणार आहोत.

ते यंत्र म्हणजे बी.बी.सी. मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली बाजारात आणले. त्याच्या ‘मॉडेल बी’ची मेमरी अवघी ३२ किलोबाइट. भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेत १९८४-८५ साली सुमारे अडीचशे शाळांत हाच संगणक पोचला होता. तेव्हा आपल्यापैकी एखाद्याच्या वडिलांनी वा आत्याने आयुष्यातील पहिली कळ दाबली असेल, ती कदाचित याचीच.

त्याच्या कॅसेटी आणि फ्लॉपी आता कुजत चालल्या आहेत. त्यांच्या जागी नखाएवढे मेमरी कार्ड लावता येते. अशा कार्डावरील एकाच फाइलीत ५११ फ्लॉपींचा मजकूर मावतो. पोथीला नवे बासन बांधावे, तसेच हे. त्यास आमची मुळीच हरकत नाही. (त्याआधी वीजपुरवठ्यातील जुने कपॅसिटर मात्र बदलावेत. ते फुटून खोलीभर धूर करतात, अशी त्यांची ख्याती आहे.)

खरा वाद पुढेच आहे. या यंत्राच्या तळाशी ‘ट्यूब’ नावाची एक जोडणी आहे. दुसरा प्रोसेसर जोडता यावा म्हणून ती निर्मात्यांनी मुळातच ठेविली होती. एकॉर्नच्या अभियंत्यांनी ‘आर्म’ प्रोसेसर रचिला, तेव्हा त्याची पहिली प्रतिकृती बी.बी.सी. बेसिकमध्येच लिहिली गेली. आणि १९८५ साली प्रत्यक्ष चिप हाती आल्यावर ती याच ट्यूबला जोडली. आज रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकात त्याच आर्मचा वंशज असतो. एका मोफत प्रोग्रॅमच्या साहाय्याने तो ट्यूबवर बसतो, आणि मूळच्या ६५०२ प्रोसेसरचे सोंग घेऊन कितीतरी पटींनी वेगाने गणिते करितो. नातवाने आजोबांचे ओझे उचलावे, तसा हा प्रकार! जुन्या यंत्राकडे मग कळफलक व पडदा सांभाळणे एवढेच उरते, हा आक्षेप खरा आहे. तरीही यास आम्ही ठिगळ म्हणणार नाही. जे दार घर बांधणाऱ्यानेच ठेविले, त्यातून आत येणारा पाहुणा उपरा कसा?

आमची चिंता निराळी आहे. या यंत्रावर सर्वांत बारीक रेखाटनाचा पडदा निवडला, की ३२ पैकी २० किलोबाइट एकट्या पडद्यावरच खर्च होतात. अशा टंचाईत केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली ‘एलिट’ हा अंतराळातील खेळ बसविला. त्यासाठी त्यांनी पडद्याचा वरचा व खालचा भाग दोन वेगळ्या पद्धतींनी रंगविला. दुसरा प्रोसेसर लाविला की पडद्याचा भार प्रोग्रॅमच्या मेमरीवर पडत नाही, आणि मग असे डोके चालविण्याचे कारणही उरत नाही. शिकणाऱ्याचे यात नुकसान आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणून ज्याच्या घरी वा शाळेत असे यंत्र असेल, त्याने पाटी न कापता, सहज काढता येईल अशीच जोड घ्यावी. आणि वर्षभर ती खणातच ठेवावी. ३२ किलोबाइटांत स्वतःचा एक प्रोग्रॅम पुरा करावा. मग खुशाल नवा प्रोसेसर लावून तोच प्रोग्रॅम चालवावा, आणि किती वेळ वाचला, ते आजोबांच्या घड्याळावर पाहावे.