गाडीवरची अक्षरे लिहिणाराही कामगारच

शाखेच्या सभेसाठी आम्ही नुकतेच झाशीला गेलो होतो. सभा आटोपल्यावर वॅगन रिपेअर वर्कशॉपच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले आमचे एक जुने सभासद आपल्या मुलाला घेऊन भेटायला आले. मुलगा गाड्यांवरची अक्षरे, पट्टे आणि चित्रे संगणकावर तयार करून देतो. नोकरी कोणाचीच नाही, ज्याचे काम येईल त्याचे करतो. एका खासगी बसवाल्याने त्याच्याकडून आठ गाड्यांचे काम करून घेतले, अर्धे पैसे दिले आणि उरलेल्यांसाठी आज-उद्या करता करता फोन उचलणेच बंद केले. एवढ्यावर थांबले नाही. तेच डिझाइन त्याने पुढच्या चार गाड्यांवर दुसऱ्याकडून स्वस्तात चिकटवून घेतले.

वडिलांनी विचारले, "साहेब, युनियन यात काही करू शकेल का?" आमच्या तोंडून चटकन उत्तर निघाले, "पण तो आपला सभासद कुठे आहे?" उत्तर नियमाला धरून होते. वडील काही बोलले नाहीत. परतीच्या प्रवासात मात्र ते उत्तर आम्हालाच बोचत राहिले. हा अग्रलेख त्यामुळेच लिहिला आहे.

झाशीचे वर्कशॉप १८९५ सालचे. आधी इंडियन मिडलंड रेल्वे, १९०० पासून जी.आय.पी., १९५१ पासून मध्य रेल्वे आणि १ एप्रिल २००३ पासून उत्तर मध्य रेल्वे, असे त्याचे धनी बदलत गेले. मुंबईशी बांधलेल्या त्या दीर्घ काळात कित्येक मराठी कुटुंबे बदलीच्या निमित्ताने तिकडे गेली आणि तिथलीच झाली. नेवाळकरांच्या काळापासून राहणारी मराठी घरे तर होतीच. आमचे हे सभासद अशाच एका बदलीवाल्याचे चिरंजीव. २००३ साली डब्यांवरची मध्य रेल्वेची आद्याक्षरे पुसून नव्या रेल्वेची अक्षरे काढणाऱ्यांत तेही होते. ती आठवण सांगताना म्हणाले, "बदलीचा कागद नव्हता, पण त्या दिवशी आमची बदलीच झाली."

बाहेरच्या माणसाला वाटते, डब्यावरची अक्षरे म्हणजे शोभा. आपल्याला ठाऊक आहे की तो हिशेब आहे आणि सुरक्षाही आहे. मालडब्यावर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे डब्याच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा. आधीच्या दहा आकड्यांवरून हा शेवटचा आकडा काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तरी हिशेब जुळत नाही. बाजूला रिकाम्या डब्याचे वजन, भाराची मर्यादा, दुरुस्ती कोठे व कधी झाली आणि पुन्हा कधी व्हायची ती तारीख. ही तारीख पुसट झाली की ट्रेन एक्झामिनर कंदील धरून, कापडाने पुसून वाचतो. पेंटरच्या हातून तिनाचा आठ झाला तर डबा कागदावर एका ठिकाणी आणि रुळावर दुसऱ्या ठिकाणी, असा घोळ होतो. म्हणून या हाताला ट्रेड टेस्ट होती, ग्रेड होती, पगार होता आणि चूक झाली तर चार्जशीटही होती.

टपालातील बांधवांनाही हे नवे नाही. लाल मेल मोटर लांबून ओळखू येते ती रंगामुळे आणि अक्षरांमुळे. २००८ साली खात्याने नवे बोधचिन्ह घेतले, तेव्हा गाड्या, पाट्या, पेट्या सगळीकडे ते चढवावे लागले. चिन्ह बदलल्याची बातमी सर्वांनी वाचली. ते चढवणारे हात कोणाचे होते, हे कोणी विचारले नाही.

आता मुलाचे काम काय आहे ते सांगतो. आम्ही त्याच्या खोलीवर जाऊन तासभर बसलो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. गाडी आली की आधी टेपने मापे घेतो आणि चारही बाजूंचे सरळ फोटो काढतो. दाराची फट कोठे, कडी कोठे, रिव्हेट कोठे, पेट्रोलचे झाकण कोठे, याचा नकाशा करतो. कारण संगणकावर सुंदर दिसलेले नाव दाराच्या फटीत सापडले की दार उघडताच दोन तुकडे होते. सरकते दार असेल तर ते उघडल्यावर कोणते अक्षर कोणत्या अक्षरावर जाईल, हेही बघावे लागते. नाही तर भलताच शब्द तयार होतो आणि गाव हसते. रुग्णवाहिकेच्या तोंडावरची अक्षरे उलटी काढायची, म्हणजे पुढच्या ड्रायव्हरला आरशात सुलटी दिसतात. मग व्हिनाइलच्या रोलवर प्लॉटर अक्षरे कापतो, नको असलेला भाग टाचणीने उचलून काढायचा, वरून चिकटपट्टी लावून अख्खी ओळ उचलायची आणि गाडीवर साबणाच्या पाण्यावर बसवायची. पाणी पट्टीने दाबून काढायचे. वळणावर हीट गनने ताणायचे.

व्हिनाइलमध्येही दोन जाती. ओतीव जातीचे पातळ असते, वळणावर बसते, वर्षानुवर्षे टिकते आणि महाग असते. लाटून केलेले स्वस्त, पण ऊन लागले की आक्रसते आणि कडा सुटतात. झाशीचा उन्हाळा आम्ही भोगला आहे. मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर फोड येईल. गिऱ्हाईक स्वस्तातला रोल मागते आणि दोन उन्हाळ्यांनी कडा सुटल्या की नाव डिझायनरचे खराब होते. वडील हे सगळे पाहत होते. मध्येच म्हणाले, "आमच्या वेळी ब्रश होता, त्याच्याकडे उंदीर आहे. सरळ रेघेची किंमत तीच." संगणकाच्या माऊसला ते उंदीर म्हणतात. आम्हाला त्यांचे म्हणणे पटले.

मग फरक कशात आहे? वडील मस्टरवर होते, मुलगा बिलावर आहे. आमच्या मते सगळी मेख इथेच आहे. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यावी, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. पण ती मजुरीवर असलेल्यासाठी. बिल देणारा 'पुरवठादार' ठरतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग' कामगाराची व्याख्या प्रथमच आली, तिचे ढोल खूप वाजले. त्यात कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा द्यायचा आहे, पण तो भरायचा टॅक्सी, घरपोच माल यांसारख्या सेवांच्या ॲपवाल्या कंपन्यांनी. झाशीच्या या मुलाला ॲप नाही, कंपनी नाही. आज बसवाला, उद्या शाळा, परवा ट्रॅक्टरवाला. त्याच्या नावाने हिस्सा कोण भरणार?

रेल्वेनेही यातून हात झटकू नयेत. डब्यांच्या बाहेरच्या अंगावर जाहिराती चिकटवून भाड्याबाहेरचे उत्पन्न काढण्याचे धोरण गेल्या दशकापासून चालू आहे. मुंबईच्या लोकलवर ते रोज दिसते. ठेका जाहिरात एजन्सीला, एजन्सीकडून छापखान्याला, छापखान्याकडून चिकटवणाऱ्या पोरांना आणि चित्र काढणाऱ्या डिझायनरला. वरचा पैसा वेळेवर येतो, खाली येईपर्यंत तो आटतो. खात्याचे काम करूनही खात्याबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे ग्रामीण डाक सेवकांना आम्ही समजावून सांगायची गरज नाही.

एक अडचणीची गोष्टही लिहिली पाहिजे. या मुलाच्या कमाईचा बराच भाग गाड्यांच्या काचांवर जातीचे नाव लिहिण्यातून येत असे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने गाड्यांवर जात मिरवण्यास बंदी घातली. त्याचे तयार कापलेले रोल पडून राहिले. तो म्हणाला, "काका, मी जात लिहीत नव्हतो, गिऱ्हाइकाने सांगितलेली अक्षरे लिहीत होतो." आम्ही त्याला स्पष्ट सांगितले की बंदी योग्य आहे आणि हा धंदा गेला याचे आम्हाला दुःख नाही. एकाच बाकावर बसून डबा खाणाऱ्या कामगारांची संघटना दुसरे काही सांगू शकत नाही. पण त्याच्या चुलीचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, हेही आम्ही जाणतो.

कायद्यात त्याच्या बाजूचे काहीच नाही, असेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कामाचा हक्क साधारणपणे मालकाचा. पण स्वतंत्रपणे केलेल्या रेखांकनाचा पहिला हक्क सामान्यतः करणाऱ्याचा. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच जातो. बसवाल्याजवळ असा कोणताही कागद नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या छोट्या कारागिराचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. न झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि दाद राज्याच्या सुविधा परिषदेकडे. 'उद्यम' नोंदणीला पैसे पडत नाहीत. पण ती काम घेण्याआधी हवी. या मुलाने ती केली नव्हती, कोणी सांगितलेच नव्हते. सांगणारे आम्ही होतो, आणि आम्ही सभासदत्वाची पावती विचारत बसलो.

मालक नसलेल्यांची युनियन कशी होणार, हा प्रश्न जुना आहे. १९७२ साली अहमदाबादेत 'सेवा' संघटनेच्या नोंदणीच्या वेळी इला भट्ट यांना हेच विचारले गेले होते. तरी नोंदणी झाली. महाराष्ट्रात तर अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी बांधवांनी त्याआधीच वाट काढली होती. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर ओझी वाहणाऱ्या हमालाला १९६९ च्या कायद्याने बोर्ड मिळाले, पगार बोर्डातून आला, भविष्य निधी आला. हमालाच्या पाठीला जे मिळाले ते अक्षरे लिहिणाऱ्या हाताला का मिळू नये?

आमच्याकडूनही चूक झाली आहे. पेंटरची पदे सरेंडर झाली तेव्हा आम्ही पदांसाठी भांडलो, ते बरोबरच होते. पण पद गेल्यावर ते काम कोठे गेले, ते कोण करतो, कोणत्या दराने करतो, हे पाहायला आम्ही फाटकाबाहेर गेलो नाही. बाहेर आमच्याच सभासदांची मुले उभी होती.

कार्यकारिणीपुढे आम्ही दोन प्रस्ताव ठेवत आहोत. रेल्वे आणि टपाल खात्याच्या रंगकामाच्या व जाहिरातीच्या निविदांत, खालच्या कारागिराचे बिल चुकते झाल्याची पावती दाखवल्याशिवाय एजन्सीचे अंतिम बिल मंजूर होऊ नये, अशी अट घालण्याची मागणी करावी. आणि सभासदांच्या कुटुंबातील अशा स्वतंत्र कारागिरांना सहयोगी सभासद करून घ्यावे. वर्गणी किती असावी, यावर शाखांनी आपले मत कळवावे. मताधिकाराबाबत आमच्यातच एकमत नाही, तो विषय सभेत येईल.

झाशीच्या मुलाची उद्यम नोंदणी शाखेच्या कार्यालयातच झाली. ई-श्रमचे कार्डही काढले. जुन्या बिलाला नव्या नोंदणीचा लाभ नाही, म्हणून बसवाल्याला शाखेच्या वकिलामार्फत नोटीस गेली आहे. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यातले एक वर्ष आणि दोन महिने संपले आहेत. त्या चार गाड्या अजून त्याच डिझाइनवर कानपूर रस्त्याला धावतात. वडिलांनी त्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवले आहेत.