अवकाशयात्रेत थांबण्याचेही धैर्य हवे

गगनयान मोहिमेच्या लांबलेल्या वेळापत्रकावर अधूनमधून नाराजी व्यक्त होते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली तेव्हा २०२२ पर्यंत भारतीय अंतराळवीर अवकाशात पाठवण्याचे उद्दिष्ट होते. ते हुकले, हे खरे. मात्र मानवी मोहिमेचे मोजमाप केवळ दिनदर्शिकेवर करणे धोक्याचे आहे.

अमेरिकेच्या स्पेस शटलची १३५ उड्डाणे झाली. त्यांपैकी दोन यानांसह १४ अंतराळवीर गमावले गेले. दोन्ही वेळा धोक्याची सूचना आधी मिळाली होती. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, कडाक्याच्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या निकामी होण्याची भीती अभियंत्यांनी व्यक्त केली होती. २००३ मध्ये इंधन टाकीवरील फोमचा तुकडा ‘कोलंबिया’च्या डाव्या पंखावर आदळला. कक्षेतील यानाची छायाचित्रे घेण्याची अभियंत्यांची विनंती मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा मृत्यू झाला. तंत्रातील दोषाइतकाच शंका दडपणारा कारभारही प्राणघातक ठरला.

या पार्श्वभूमीवर भारताचा अलीकडचा अनुभव आश्वासक वाटतो. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे जीवरक्षक प्रणालीची चाचणी उड्डाणाला पाच सेकंद उरले असता संगणकाने थांबवली. कारण शोधून त्याच दिवशी ती यशस्वी झाली. जून २०२५ मध्ये फाल्कन-९ रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली, तेव्हा पूर्ण दुरुस्तीचा आग्रह इस्रोने धरला. शुभांशु शुक्ला यांचे उड्डाण लांबले, पण २५ जूनला ते सुखरूप झेपावले.

चंद्रयान-३ माणसाविना चंद्रावर उतरले. मग प्राण पणाला का लावायचे, हा प्रश्न रास्त आहे. कक्षेत माणसाला जगवून परत आणण्याची क्षमता केवळ यंत्रे पाठवून सिद्ध होत नाही, हे त्याचे उत्तर. श्वसनयोग्य हवा, किरणोत्सर्गापासून बचाव, सुटकेची व्यवस्था हे ज्ञान दीर्घकाळ उपयोगी पडेल. राष्ट्रीय प्रतिष्ठा हा त्याचा आनुषंगिक लाभ होय. तोच हेतू झाला, तर तारखेचा दबाव शंकेवर मात करतो.

जोखीम शून्य कधीच होणार नाही. अंतराळवीर ती जाणूनबुजून स्वीकारतात. त्यांच्या वतीने ‘आज नको’ म्हणणाऱ्या अभियंत्याला संरक्षण देणे, ही मात्र संस्थेची आणि उतावीळ न होणे ही आपली जबाबदारी आहे.