पिशवी किती वेळा वापरली?

गेल्या 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आपल्या मंडळाने शाल-श्रीफळाला फाटा देऊन सगळ्यांना सुती पिशव्या वाटल्या, आठवत असेल. पिशवीवर ‘पर्यावरणपूरक’ असं छापायचं बहुतेकांच्या मनात होतं. सर म्हणाले, “छापा, पण आधी सिद्ध करा.” कार्यकारिणीत विज्ञान शाखेचा मी एकटाच, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं.

असा हिशेब मांडायची एक रीतसर पद्धत आहे, जीवनचक्र मूल्यमापन. कापसाच्या शेतापासून सूत, विणकाम, शिलाई, वाहतूक, वापर आणि शेवटी कचऱ्याचा ढीग, इथपर्यंत लागलेली वीज, पाणी, खत, निघालेला धूर सगळं जमेस धरायचं. त्याचे नियम आयएसओ 14040 आणि 14044 या मानकांत आहेत. नियम समजतात हो, पण एका साध्या पिशवीमागेही शेकडो नोंदी निघतात. सल्लागाराला द्यायला मंडळाकडे पैसे कुठले? कार्यक्रमानंतरच्या चहाचं बिल भागवतानाच आमच्या खजिनदाराचा चेहरा उतरतो.

म्हणून मी एआय एजंटकडे वळलो. नुसत्या चॅटबॉटला विचारलं तर तो कुठेतरी वाचलेला आकडा ठोकून देतो. एजंटच्या हातात मात्र अवजारं देता येतात. ओपनएलसीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पायथॉनमध्ये ब्राइटवे आहे. ही नोंद शोध, ती साखळी जोड, आता गणित चालव, असे हुकूम एजंट त्यांना सोडतो आणि आलेलं उत्तर आपल्याला समजावून सांगतो. इकोइन्व्हेंटसारखा मोठा माहितीसाठा विकत घ्यावा लागतो. आम्ही फुकट मिळालं त्यावर भागवलं.

दहा मिनिटांत उत्तर हजर. दशांश चिन्हापुढे तीन आकडे, खाली सुबक तक्ता. मित्र म्हणाला, “झालं की! टाक आता छापायला.” मीही टाकणारच होतो. पण सहज कुठल्या नोंदी वापरल्यात ते उघडून पाहिलं, तर विणकामाला युरोपातली वीज धरलेली. आमचं कापड वडगावच्या यंत्रमागावरचं. भारतात एक युनिट विजेमागे सरासरी साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, युरोपात त्याहून बराच कमी. वडगाव त्या साठ्यात नव्हतंच, म्हणून एजंटने नावाला जवळची वाटली ती नोंद उचलली आणि तसं सांगितलंही नाही. बेरीज-गुणाकारात एकही चूक नव्हती. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

अनुभवी माणसांच्या हिशेबातही गृहीतकं किती वजनदार असतात ते पाहा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी किती वेळा वापरावी लागेल? फक्त हवामानबदल पाहिला तर 52 वेळा. ओझोनच्या थरासकट सगळे परिणाम धरले तर 7,100 वेळा! जगभर गाजला तो दुसरा आकडा. आणि उघड्यावर फेकलेल्या पिशव्यांचा त्रास त्यांनी हिशेबात घेतलाच नाही, कारण त्यांच्या देशात तो नगण्य मानला. आपल्याकडे पहिल्या पावसात तुंबलेलं गटार ज्याने पाहिलंय, तो हे कसं मान्य करील? पण ते गृहीतक त्यांनी निदान अहवालात लिहून ठेवलं. आमच्या एजंटने तेवढंही केलं नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. ही अवजारं यायला हवीत. आजवर हा हिशेब मोठ्या कंपन्यांच्याच आवाक्यात होता. 1969 मध्ये कोका-कोलाने बाटल्यांचा करून घेतला, तिथून याची सुरुवात मानतात. आता तो आपल्यासारख्यांच्या हाती येतोय, हे चांगलंच आहे. पण अवजार बनवणाऱ्यांनी एजंटला अडायला शिकवावं. नेमकी नोंद सापडली नाही तर त्याने थांबावं, विचारावं, कुठली वीज आणि कुठला कापूस धरला ते उत्तराच्या वरच लिहावं. आणि एकच आकडा देण्यापेक्षा इतक्यापासून इतक्यापर्यंत असं सांगावं. काम सावकाश होईल, होऊ दे. घाईघाईने काढलेला तीन दशांशांचा आकडा पिशवीवर छापून आम्ही लोकांना फसवलं असतं, तेही अगदी प्रामाणिकपणे.

दुसऱ्या खेपेला मी एजंटला बजावलं, काहीही मनाने धरायचं नाही, अडलं की विचार. त्याचा पहिलाच प्रश्न आला, “ही पिशवी एकूण किती वेळा वापरली जाईल?” खोलीत आम्ही सातजण होतो. कुणालाच सांगता येईना. आमच्या घरात अशा नऊ पिशव्या दाराच्या खिळ्याला लटकताहेत, बाजाराला जाते ती एकच.

शेवटी पिशवीवर फक्त मंडळाचं नाव छापलं. वाचनालयाच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. ज्यांना पिशवी मिळाली त्यांनी आजवर ती किती वेळा वापरली, हे तिच्यात लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा, नाव नाही घातलं तरी चालेल.