हसता हसता लाज वाटली

गेल्या रविवारी आम्ही घरातील मंडळींनी मिळून 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट पाहिला. "बाबा, विनोदी आहे," असे थोरल्या चिरंजीवांनी सांगितले होते. बोंग जून-हो यांच्या या चित्रपटाला २०१९ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी सहा नामांकने होती. त्यातील चार पुरस्कार त्याने २०२० साली पटकावले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान इंग्रजीबाहेरच्या भाषेतील चित्रपटाला प्रथमच मिळाला.

कथा सेऊल शहरातील. किम कुटुंबातील चौघे अर्धवट तळघरात राहतात आणि पिझ्झाच्या खोक्यांना घड्या घालून पोट भरतात. मुलाला खोट्या दाखल्यावर एका बंगल्यात शिकवणी मिळते. मग बहीण, बाप, आई एकेक करून नाते लपवून तेथेच कामाला लागतात. जुन्या मोलकरणीला पीच फळाच्या लवेची ॲलर्जी असते. हे लोक तीच लव टाकून तिला खोकला आणतात आणि मालकिणीला सांगतात, हिला क्षय झाला आहे! बिचारीची नोकरी जाते.

आम्ही पोट धरून हसलो. साहेब लोकांची फजिती पाहून कोणाला बरे वाटत नाही?

पुढे एका रात्री मालक घरी नसताना चौघे तेथेच पीत बसतात. बाप सहज विचारतो, आपण घालवलेल्या त्या ड्रायव्हरला दुसरे काम मिळाले असेल का? मुलगी डाफरते, आधी आपले बघा! आमचे हसू तेथेच थांबले. बंगला मालकाचाच राहिला. पोटावर पाय आला तो ड्रायव्हरच्या आणि मोलकरणीच्या.

सौ. हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही भाच्याला कंत्राटी शिपाई म्हणून लावलंत, तिथे आधी एक म्हातारे गृहस्थ होते ना?" होते. आम्हीच साहेबांकडे शब्द टाकला होता. त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही.

नंतर चित्रपटात मुसळधार पाऊस येतो. किमच्या घरात गटाराचे पाणी शिरते. सकाळी मालकीणबाई म्हणतात, पाऊस झाला ते बरेच झाले! मालक ड्रायव्हरच्या अंगाच्या वासाने नाक मुरडतो. हे केवळ पडद्यावरचे नाही. ऑगस्ट २०२२ च्या पावसात सेऊलमध्ये अशाच एका तळघरात एकाच कुटुंबातील तिघे बुडून मेले.

शेवट आम्ही सांगत नाही. रक्तपात आहे, एक शय्येचा प्रसंगही आहे. तेव्हा लहान मुलांना निजवून मगच पाहावा. मोठ्या मुलांसोबत मात्र अवश्य पाहा आणि नंतर बोला.

गरिबाने गरिबाची भाकरी ओढली, तर बंगल्याची एक वीटही हलत नाही. उद्या आम्ही त्या गृहस्थांचा पत्ता शोधणार आहोत.