आधी पटावर नाव, मग दाखला

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेल्या आपल्या सास्तूर गावावर पहाटे भूकंपानं घरं कोसळली. पाठोपाठ शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं लातूर-उस्मानाबादची सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीत त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. घर उद्ध्वस्त झालेली आपली पोरं परक्या मुलखात शिकली, पायावर उभी राहिली.

आपल्याकडंही दरसाल अशी परगावची पोरं येतात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, फडाजवळ कोप्या पडतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन निघतात आणि पोरं कोपीवर राहतात, धाकट्यांना सांभाळत. आपल्या तांड्यांवरची माणसंही अशीच बाहेर तोडीला जातात, हे विसरू नये.

मागच्या हंगामात जिल्हा परिषदेच्या एका शाळेत असंच एक लेकरू पाहिलं. नऊ-दहा वर्षांची पोर, कडेवर भाऊ, दारातच थबकलेली. बाईंनी भावाला शेजारी बसवून घेतलं, तिला पुढच्या ओळीत जागा दिली आणि फळ्यावर तारीख लिहायला सांगितली. अक्षर वाकडं आलं, कुणी हसलं नाही. खिचडीच्या सुट्टीत वर्गातल्या पोरींनी तिला आपल्या पंगतीत ओढलं. त्यानंतर ती रोज येऊ लागली.

शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. पण ‘चार महिन्यांनी जायचंच आहे’ म्हणत मागं बसवलेलं पोर आठवड्यात शाळा सोडतं आणि मग त्याच्या हातातही कोयताच येतो. चार महिने म्हणजे जवळपास निम्मं शैक्षणिक वर्ष. ते वाया घालवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

शाळा व्यवस्थापन समित्यांना हात जोडून विनंती आहे: गाळप सुरू होताच कोप्यांवर एक फेरी मारा. मुकादमाला विचारून पोरांची यादी करा, त्यांची नावं पटावर घ्या. आपली लेकरं परक्यांनी सांभाळली; आता आपण परक्यांची सांभाळायला हवीत.